बाकाचं तोंड

समुद्राकाठच्या आमच्या बागेला एका सेवाभावी संस्थेने बारा बाक दिले. मी तिथला माळी, म्हणून मिस्त्रीच्या हाताखाली मलाच जुंपलं. अकरा बाक समुद्राकडे तोंड करून बसवले. बारावा संस्थेच्या अध्यक्षांच्या दिवंगत आईच्या नावाचा. टेकायच्या फळीवर पितळी पाटी, 'समुद्राला जीव लावणाऱ्या माझ्या आईस.'

अध्यक्ष आले. कोरे हातमोजे घालून, कोरं फावडं धरून त्यांनी फोटो काढून घेतला आणि मातीला हात न लावताच हातमोजे माझ्याकडे दिले.

"हा बाक फिरवा," ते म्हणाले. "पाटी रस्त्यावरून दिसायला हवी."

मिस्त्री वैतागला. "समुद्राकडे पाठ करून कोण बसणार, साहेब?"

मला शिसारी आली होती. गप्प बसवेना.

"या पाटीवरच्या आजी बसायच्या," मी म्हणालो. "सहा वर्षं, रोज, इथल्याच कट्ट्यावर. समुद्राकडे ढुंकून बघितलं नाही त्यांनी. 'मुलगा न्यायला येईल' म्हणत अंधार पडेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसायच्या."

अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली.

"बघ," ते मिस्त्रीला म्हणाले, "आईलाही तसंच आवडायचं."