वैद्याच्या हातातलं फूल

"पंखा बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"बंदच आहे," चित्रकार बाई म्हणाल्या.

"मग खिडकी लावा. वारा येतोय कुठूनतरी."

खिडकीही लावलेलीच होती. बंद केबिनमध्ये दोघंही घामाघूम झाले होते, आणि डॉक्टरांच्या उजव्या हातातल्या काडीवरच्या इवल्या पांढऱ्या घंट्या काही केल्या थांबत नव्हत्या. रानातलं फूल ते. वसंतात चार दिवस मिळतं, की संपलं. पण रुग्णालयाच्या प्रमुखाचं चित्र त्याच्याशिवाय पुरं होत नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये आधीचे सगळे प्रमुख हेच फूल हातात धरून भिंतीवर बसलेत.

"हे खूळ काढलं तरी कुणी?" डॉक्टर वैतागले. "स्टेथोस्कोप देता आला असता की हातात."

"जुनी रीत आहे. छातीत धडधडलं की या फुलाच्या अर्काचे थेंब द्यायचे म्हणे. म्हणून मग चित्रातही आलं. फूल दिसलं की लोकांनी समजायचं, हा वैद्य आहे, याच्याकडे गेलं की माणूस बरा होतो."

"दोन थेंब जास्त झाले की कायमचा बरा होतो. विषारी आहे ते. हे नाही सांगितलं कुणी?"

एरवी बाई हसल्या असत्या. पण आज त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. चेहरा झाला, कोट झाला, कोटाची बटणंसुद्धा झाली. हात मात्र खरवडून खरवडून कॅनव्हासला भोक पडायची वेळ आली होती.

"पेल्यात ठेवा ना ते. टेबलावर," डॉक्टर म्हणाले.

"हातातच हवं. ट्रस्टींनी बजावलंय."

"ट्रस्टींना बोलायला काय जातंय!" डॉक्टर खुर्चीत सरकले. घंट्या आणखीच हलल्या. "खरं सांगू का बाई, राग नका मानू. एवढ्या बैठका झाल्या, एक हात जमत नाही तुम्हाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय."

आता मात्र बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी ब्रश डब्यात टाकला.

"हात जमतो मला, डॉक्टर. तुमचा हात थांबत नाहीये."

डॉक्टरांनी हातातल्या फुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काल झोप झाली नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "चहाही जास्त झालाय सकाळपासून."

तेवढ्यात दार ढकलून डॉक्टरांची मुलगी आत आली. तीही इथेच सर्जन. ऑपरेशनला वडिलांच्या समोर कायम तीच उभी असते.

"बाबा, उद्याच्या पेशंटचे वडील आलेत. मुलाचं ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना, एवढंच विचारतायत. दुसरं कुणी नको म्हणतात."

बोलता बोलता तिची नजर फुलावर गेली. ती पुढे आली आणि तिने वडिलांच्या मनगटाखाली आपला तळवा सरकवला. कुठे धरायचं ते तिला शोधावं लागलं नाही. घंट्या थांबल्या.

"काढा आता," ती बाईंना म्हणाली. "पटकन."

बाईंनी काढला. हात एका दमात उतरला, बोटं, नखं, फूल, सगळं. उतरला म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

"ऑपरेशनच्या वेळीही असंच धरता?" त्यांनी न राहवून विचारलं.

"छे. तिथे टाके मीच घालते. बाबा नुसते उभे असतात." मुलीने दाराकडे एकदा पाहिलं. "लोक त्यांच्या नावावर येतात, बाई. मी करणार म्हटलं तर उठून जातील. आणि धडधाकट होऊन घरी जातातच ना सगळे? मग कुणाचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलंय," डॉक्टर म्हणाले. "वीट आलाय मला या नाटकाचा. बोलाव त्यांना आत."

"बाबा, उगाच कशाला—"

"बोलाव म्हणतोय ना! आणि माझा हात सोड."

तिने हात सोडला. दार उघडलं.

पेशंटचे वडील अंग चोरून आत आले. कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना. मग समोरचं ओलं चित्र दिसलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सैलावला.

"वा! अगदी हुबेहूब. काय तो हात, डॉक्टरसाहेब! बघूनच जिवात जीव आला बघा."

"चित्राकडे नका बघू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी फूल त्यांच्यासमोर धरलं. "इकडे बघा."