हानकौवरचं धुकं

२२ ऑक्टोबर १९३८, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. जपानमधल्या कोबेच्या चिनी वस्तीत शिंपी फान देशेंग यांच्या दुकानात चित्रकार कुसाकाबे धापा टाकत शिरले आणि त्यांनी कापणीच्या टेबलावर एक मोठा कागद उलगडला. उडत्या पक्ष्याला दिसावं तसं चीनमधलं अख्खं हानकौ शहर.

"सहाला छापखान्यात द्यायचंय, मास्तर. आपल्या जपानी फौजेनं शहर घेतलं की त्याच दिवशी पेपरासोबत घरोघर. तुमचं गाव ना हे? मी जन्मात पाहिलेलं नाही. चुका सांगा, पटापट."

फान वाकले. खाली दोन नद्यांचा संगम, मध्ये छपरांची गर्दी, आणि वर क्षितिजावर समुद्रापलीकडे जपानचा चिमुकला फुजी पर्वत.

"तिथून फुजी कसा दिसेल हो?" फान यांची बायको किनुए म्हणाली.

"माझ्या कागदावर दिसतो, वहिनी. टोकियोही दिसलं असतं, कागद संपला."

फान हसले आणि त्यांचं बोट धावू लागलं. "हा घड्याळाचा मनोरा उंच करा, अजून. होड्या अशा सरळ जात नाहीत, धार ओढते, तिरक्या काढा. इथं चहाच्या वखारी, वास थेट धक्क्यापर्यंत येतो. आणि या देवळावरून वळलं की—" पंचवीस वर्षांनी ते जणू पुन्हा गावात शिरले होते. कान लाल झाले होते.

बोट थांबलं. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे नखाएवढी जागा कोरी होती.

"तेच विचारायचं होतं," कुसाकाबे म्हणाले. "घरं आहेत ना तिथं? मग बॉम्बचा धूर टाकतो. संपादकांना अजून एक आग हवीय."

"अहो, तिथं तर सासूबाई—"

"किनुए, चहाचं बघ."

ती जागची हलली नाही.

"तिथलं आठवत नाही, साहेब," फान म्हणाले.

"होड्या तिरक्या जातात ते आठवतं, आणि हे आठवत नाही?"

"नाही."

काळ्या रंगात बुडवलेला कुंचला कुसाकाबेंच्या हातात होता. त्यांनी फान यांच्याकडे पाहिलं, मग किनुएकडे. कुंचला खाली ठेवून त्यांनी दुसरा उचलला, पांढरा.

"माहीत नसेल तिथं धुकं काढायचं. आमच्या गुरूंची शिस्त. संपादकांना मी सांगेन."

पाचला वीस मिनिटं कमी असताना ते निघाले. रंग ओला होता, म्हणून कागद दोन्ही हातांवर आडवा धरून.

२७ तारखेला हानकौ घेतल्याची बातमी आली, सोबत चित्र. रस्त्यावर शाळेची मुलं झेंडे घेऊन ओरडत चालली होती. फान यांनी एक प्रत आणली, दुकानाचं दार लावलं आणि ती टेबलावर पसरली. आठ ठिकाणी धूर होता. रुळांच्या अलीकडे पांढरं धुकं.

"कुठलं घर?" किनुएनं विचारलं.

त्यांनी धुक्यावर बोट ठेवलं. "डावीकडून तिसरं."

आईचं तिथून आलेलं शेवटचं पत्र नऊ ऑगस्टचं आहे.