सासूची साक्ष

म्हातारी काठी टेकत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या फिर्यादी बाईने तिला लगेच ओळखलं. आरोपीच्या वकिलाने शोधून शोधून तिची सासू आणली होती. घटस्फोटानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

सगळा खटला एका शब्दावर अडला होता. चष्म्याच्या दुकानाची मागची खोली, लावलेलं दार, आत दुकानाचा मालक आणि कामाला असलेली ती, इथवर दोन्ही बाजूंना मान्य होतं. ती म्हणत होती, मी नको म्हणाले. मालक म्हणत होता, तिची ना नव्हती. तिसरं माणूस तिथे नव्हतंच. न्यायाधीशांनी आता कुणाचा शब्द खरा मानायचा, एवढंच उरलं होतं.

तिची उलटतपासणी आधीच झाली होती. ओरडली का नाहीस? "आवाज फुटला नाही." दुसऱ्या दिवशी कामावर का गेलीस? "पगार हवा होता." ती रडली नाही, की शब्द वाढवला नाही. भरल्या कोर्टात तिची उत्तरं कोरडी वाटली होती.

वकील खुशीत होता. म्हातारीच्या घरी जाऊन त्याने सुनेची गाऱ्हाणी तासभर ऐकली होती.

"या बाई तुमच्या कोण?"

"सून. होती."

"वागायला कशी होती?"

"विचारू नका. तोंडाळ, उर्मट. माझा भाऊ जेवायला आला, तर त्याच्या देखत म्हणते, मीठ जास्त झालंय."

"झालं होतं का?" न्यायाधीशांनी मान वर करून विचारलं.

"झालं होतं. म्हणून काय बोलून दाखवायचं?"

कोर्टात हसू पसरलं. वकीलही हसला आणि पुढे सरकला.

"पण आजी, आधी नाही म्हणायची आणि गळ घातली की तयार व्हायची, असंच ना?"

"तयार?" म्हातारीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही तिला ओळखत नाही, वकीलसाहेब. नोकरी सोड म्हटलं, नको म्हणाली. मी रडले, जेवण टाकलं, मुलाला मध्ये घातलं. काही उपयोग नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. खाली बघून हळूच नको म्हणायची. तेवढंच. आणि ते नकोच असायचं. माझ्यासारखीने हात टेकले."

वकिलाने घाईघाईने कागद चाळले.

"म्हणजे तुम्हाला ती आवडत नाही."

"आजही समोर आली तर वाट बदलीन."

"मग कोर्टाला एकदा स्पष्ट सांगून टाका. ती खोटारडी आहे."

म्हातारीने पहिल्यांदाच मागच्या बाकाकडे पाहिलं. दोघींची नजर भिडली. हसलं कुणीच नाही.

"खोटं बोलता आलं असतं," म्हातारी म्हणाली, "तर माझ्या घरात नांदली नसती का?"