देसांकाची काडतुसं

“तपासायचं काय त्यात? कचरा आहे सगळा. खाणीत नेऊन पुरून टाक,” देसांका म्हणाली.

ल्युबिशाने तरी भिंग काढलंच. सर्बियाच्या सैन्यात दारूगोळा तपासण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. देसांकाचा नवरा ओब्राद वसंतात वारला. त्याच्या खणात एक लष्करी पिस्तूल आणि सत्तर काडतुसं होती. चांगली निघाली तर गावचं नेमबाजी मंडळ ती घेणार होतं.

काडतुसांच्या बुडावर १९५४ चा शिक्का. पितळेवर हिरवा डाग नाही, कडेला तडा नाही.

“काकू, दिसायला तर झकास आहेत.”

“दिसायला ओब्रादही झकास होता.”

ल्युबिशा हसला. त्याने न निवडता आठ काडतुसं उचलली. दोघं दगडाच्या खाणीत गेली. देसांका कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “नुसतं टक् वाजेल बघ,” ती म्हणाली.

पहिल्याच बाराला खाणीतले कावळे उडाले. मग दुसरा बार. मग तिसरा. आठपैकी आठ उडाली.

देसांका मटकन दगडावर बसली.

“पण मी ती उकळली होती,” ती म्हणाली. “सत्त्याऐंशी साली. पिऊन आला की रोज पिस्तूल काढायचा. एकदा तो शेतावर गेला तेव्हा सगळी पातेल्यात घातली. दोन तास रटरट उकळली, पुसली, होती तशी ठेवली. त्याच रात्री त्यानं माझ्या कपाळाला नळी लावली. मी हसले त्याच्या तोंडावर. म्हटलं, चालव की रे, बायल्या! त्यानं हात खाली घेतला. त्यानंतर मी त्याला रोज तसंच बोलत आले. जेवताना, पाहुण्यांसमोर, दवाखान्यातसुद्धा.”

ल्युबिशाने रिकामं पिस्तूल खाली ठेवलं.

“उकळून काही होत नाही, काकू. लाखेनं बंद केलेली असतात. आत थेंब जात नाही.”

देसांकाने कपाळाला हात लावला आणि तो तसाच राहिला. नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले होते, आणि आता तिला त्याची भीती वाटत होती.