उलटा ढाळ

“हॅलो, नागेंद्र कॉन्ट्रॅक्टर काय? वडगावातनं बोलतेय बघा. समदं घर नव्यानं करून घ्यायचंय,” शेजारची अंजनी फोनवर गोड आवाजात म्हणाली. मालुबाई तिच्या खांद्याला खांदा लावून कान देऊन उभी होती. पलीकडून लगेच उत्तर आलं, “निघालोच आक्का. पंधरा मिनटांत पोचतो.”

पंधरा मिनटांत! मालुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला हाच माणूस दोन महिने फोनवर “उद्या येतो” म्हणत होता. कधी सिमेंट आलेलं नसायचं, कधी गाडी पंक्चर असायची. त्याच्या गवंड्याची सासू तर दोनदा वारली होती.

मालुबाईच्या नवऱ्याचं, ज्योतिबाचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलं. बंगळूरला नोकरीला असलेल्या विक्रमनं, त्यांच्या मुलानं, फोनवरच नागेंद्रला बाथरूमचं काम दिलं. नागेंद्र स्वतः एकदाही फिरकला नाही. त्याची माणसं आली, चार दिवसांत फरशी आणि कमोड बसवून गेली, ती गेलीच. त्यानंतर बाथरूममध्ये ओतलेलं पाणी जाळीकडं न जाता उंबरा ओलांडून विणायच्या मागाच्या खोलीत यायला लागलं. कमोड पाळण्यासारखा हलायचा. दार त्यालाच आपटून अर्ध्यात अडायचं. मालुबाई कशीबशी आडवी होऊन आत शिरायची, पण वॉकर घेऊन ज्योतिबा कसा शिरणार? तो लोंढ्याला, रेल्वे स्टेशनाजवळ, लेकीकडंच राहिला. रोज त्याचा फोन यायचा, “झालं काय गं? हितल्या समद्या गाड्यांच्या येळा पाठ झाल्या माझ्या.” माग सोडून तो जन्मात इतके दिवस कुठं राहिला नव्हता.

नागेंद्र खरंच पंधरा मिनटांत आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कमरेला टेप. तो आत येताच मालुबाईनं ठरल्याप्रमाणं दाराला आतून कडी घातली आणि दोन महिने साठवलेल्या शिव्या जिभेवर आणल्या. पण तिनं तोंड उघडायच्या आत गडी घर बघत बघत थेट बाथरूमपाशी पोचला होता.

“अरारारारा!” तो आतून ओरडला.

त्यानं गाडीच्या किल्लीनं फरशी ठोकून बघितली. “ऐका आक्का, पोकळ वाजतीया. खाली सिमेंटचा मालच भरलेला न्हाय.” त्यानं कमोडला हात लावला, कमोड डुलला. त्यानं तांब्याभर पाणी ओतलं, तर पाणी वळून त्याच्याच बुटांवर चालून आलं. तो उडी मारून मागं सरला. “ढाळ उलटा! अवं, ह्याच्या हातात थापी दिली कुणी? असल्या गाढवांमुळं आमचा धंदा बदनाम होतोय. नाव सांगा मला त्याचं.”

मालुबाईच्या जिभेवरच्या सगळ्या शिव्या जागच्या जागी विरल्या.

“नागेंद्र कॉन्ट्रॅक्टर,” ती शांतपणे म्हणाली.

तो आधी हसला. मग त्यानं अंजनीकडं बघितलं. ती पदर तोंडात कोंबून उभी होती. मग त्याला दाराची कडी दिसली.

“म्हंजे... विक्रमचं घर ह्ये?”

“मी त्याची आई.”

माणसांनी केलं, मी नव्हतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. पण पंचनामा त्यानं स्वतःच केला होता. तो तिथंच ओल्या उंबऱ्यावर बसला. बुटांवरचं पाणी हातानं पुसत राहिला.

“सहा वरसं झाली आक्का, थापी धरली न्हाय,” शेवटी तो म्हणाला. “नुसता फोनच धरतोय.”

मालुबाईचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला. “माझा म्हातारा लेकीच्या घरात पावण्यासारखा बसलाय. आमचा इणायचा धंदा. एक धागा चुकला तर आम्ही उसवतो. चुकल्यालं तसंच म्होरं नेत न्हाय.”

“मग उसवूया,” नागेंद्र म्हणाला आणि कडी काढून गेला.

तो परत येईल असं मालुबाईला मुळीच वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. जुनी पँट, हातात थापी, पिशवीत ओळंबा. एकटाच होता. त्यानं सगळी फरशी उखडली आणि पाच दिवस एकेक फरशी ठोकून, कान लावून बसवली. कमोड घट्ट बसवला, बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं केलं. त्याचा फोन मागाच्या खोलीतल्या फडताळात बंद करून ठेवलेला होता. वडगावातली, अख्ख्या बेळगावातली आणखी किती माणसं तेव्हा त्याच्या नावानं खडे फोडत होती, देव जाणे. शेवटच्या दिवशी त्यानं पाणी ओतलं आणि जमिनीवर पालथा पडून ते जाळीपर्यंत जाताना बघितलं. मग पोरासारखी टाळी वाजवली.

शनिवारी ज्योतिबा आला. घरात पाऊल टाकल्यावर तो आधी मागापाशी गेला, मग वॉकर टेकत बाथरूमकडं. दार सताड उघडलं. आतून तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग, काही गरज नसताना, आणखी एक तांब्या.

तो बाहेर आला तेव्हा तोंडभर हसत होता. परसातल्या नळावर एक माणूस थापी धूत होता. तो कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

“झ्याक झालंय काम!” तो बायकोला म्हणाला. “तो पयला माणूस बदललास, हे लई बेस केलंस बघ.”

नळावरचे हात थांबले. मालुबाईनं तिकडं एकवार बघितलं.

“मी न्हाय बदलला,” ती म्हणाली. “त्योच बदलला.”