दोन भट्ट्या, एक मीटर

भोंगा वाजला तेव्हा रोहिणी भट्टीसमोरच उभी होती. तिनं आधी भिंतीतल्या भोकाकडं एक जळजळीत नजर टाकली, मग कमरेची किल्ली काढून तरातरा मीटरच्या खोलीकडं निघाली.

अंबडच्या त्या शेडच्या मधोमध भिंत होती. अलीकडं रोहिणी, पलीकडं तिचा दीर रविराज. नवरा गेल्यावर वाटणी झाली. मशीनं वाटली, माणसं वाटली, संडाससुद्धा वाटला. विजेचा मीटर तेवढा एकच राहिला. लोखंडी सुटे भाग कडक करायची भट्टी तापताना बकाबका वीज ओढते. दोन्ही भट्ट्या मिळून अर्धा तास ओढत राहिल्या, की मंजूर भाराची हद्द ओलांडली जाते आणि त्या अर्ध्या तासाचं पाप महिनाभर बिलात फेडावं लागतं. हद्द जवळ आली की मीटरवरचा भोंगा वाजायचा. म्हणून दोन्ही एकदम तापवायच्या नाहीत, असं ठरलेलं. त्यासाठी भिंतीत विटेएवढं भोक ठेवून दोन लाल दिवे बसवले होते, एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं. इकडची भट्टी तापायला लागली की तिकडचा दिवा लागायचा, तिकडची लागली की इकडचा. एकमेकांशी बोलावं लागत नव्हतं, ही त्यातली खरी सोय.

मीटरच्या खोलीला दोघांची दोन कुलपं. रोहिणीनं आपलं उघडलं आणि ताटकळत उभी राहिली. रविराज आला तो गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसत. त्यानं तिच्याकडं न बघता आपलं कुलूप काढलं.

आकडा चढत होता. हद्दीला फार अंतर उरलं नव्हतं.

"भट्टी बंद करा, भाऊजी. माझी आधी लागलीय."

"मला कुठं दिवा दिसला?"

"दिसेल कसा? उडालाय तो. लहानूकडून निरोप धाडला होता मी."

"मग बदलायचा होता. तुमच्या बटणाचा दिवा आहे."

"तुमच्या बाजूला बसलाय. तुम्ही बदलायचा."

"बटण कोणाचं?"

"भिंत कोणाची?"

रविराजनं टॉवेल झटकला. "उगाच वाद नको. तुमची बंद करा."

"माझा माल आत आहे. संध्याकाळी ओझरची गाडी येतेय. आता थांबवलं तर सगळा माल भंगारात, आणि ती माणसं पुन्हा माझ्या दारात यायची नाहीत."

"आणि माझ्या भट्टीत काय भाकरी भाजतायत?"

"दिवा उडालाय हे ठाऊक होतं ना तुम्हाला? लावण्याआधी विचारायचं होतं."

"कुणाला?"

भोंगा वाजतच होता.

"दादा असता तर ही वेळच आली नसती," रविराज म्हणाला. "बाईमाणसानं भट्टी चालवायची म्हणजे..."

"दादा असते तर भिंत घालायची छाती झाली असती तुमची?"

त्याचा चेहरा उतरला. तो वळला, दाराबाहेर जाऊन उभा राहिला. दोघांनी आपापली कुलपं घातली, आपापल्या दिशेला गेले.

"लहानू, भट्टी सोडून सगळं बंद कर," रोहिणी आत शिरता शिरता ओरडली.

लहानू भट्टीवरचा जुना माणूस. तो बघतच राहिला. "समदं? ताई, लय उकडंल."

"उकडू दे."

कूलर बंद झाला. कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला. ग्राइंडर, पंखे, दिवे. माल तपासणाऱ्या संजनानं भिंतीजवळचा मोबाईल छातीशी धरला. "चार्जिंगपण का, ताई?"

"ते काढ आधी."

शेडमध्ये भट्टीच्या दाराच्या फटीतून येणारा लाल उजेड तेवढा उरला. आणि मग पलीकडचा कॉम्प्रेसर थांबला. पाठोपाठ तिकडचे पंखे, मशीनं, रेडिओ. वहिनी उकाड्यात बसते म्हटल्यावर रविराज वाऱ्यात बसतो होय! भट्टी मात्र दोघांपैकी कुणीच बंद केली नाही.

घाम निथळत होता. बऱ्याच वेळानं भोंग्याचा आवाज तुटला.

इतकी शांतता त्या शेडमध्ये भिंत घातल्यापासून झाली नव्हती. त्या शांततेत पलीकडं कुणीतरी खोकलं. कोरडा, खोल खोकला. थांबतोय असं वाटावं आणि पुन्हा उसळावा, तसा.

लहानूनं झटकन मान वर केली. मग रोहिणीकडं पाहिलं आणि उगाच भट्टीचं दार चाचपू लागला. मालकांच्या वेळेपासून होता तो. शेवटच्या वर्षात मालक असेच खोकायचे.

रोहिणीनं टेबलाचा खण ओढला. नवा लाल दिवा खोक्यासकट कधीचा तिथं पडून होता. तत्त्वाचा प्रश्न होता म्हणून पडून होता. तिनं पर्स उघडली, खोकल्याच्या चार गोळ्या त्या खोक्यात टाकल्या, आणि भिंतीपाशी जाऊन खोकं भोकातून पलीकडं ढकललं.

"भाऊजी, दिवा!"

पलीकडं खोकला थांबला. एक काळवंडलेला हात आला आणि खोकं घेऊन गेला.

"तुमच्या बटणाचा होता, वहिनी. तुम्हीच आणायचा होता," रविराजचा आवाज आला.

"बसवायचा तुम्हीच आहे!"

काही वेळ होल्डर फिरवल्याचा करकर आवाज होत राहिला. मग भोकाच्या त्या टोकाला लाल उजेड पडला आणि त्या उजेडातून खोकं भिरकावल्यासारखं येऊन रोहिणीच्या पायाशी पडलं.

"काय माणूस आहे," ती पुटपुटली.

तिनं वाकून खोकं उचललं. कानाशी धरून हळूच हलवून पाहिलं.

काही वाजलं नाही.