वरचा घोडीचा, खालचा माणसाचा
बाबा तबेल्यात मोतद्दार होते. त्यांच्याकडची घोडी गाभडली, पोटातलं शिंगरू गेलं, त्याच आठवड्यात आईला मेंदूज्वर झाला. दोन्हीकडे हर्पिसचा विषाणूच निघाला; आई वाचली नाही. नऊ वर्षांनी मी प्रयोगशाळेत त्याच दोन विषाणूंचे डीएनए एकाखाली एक मांडून समान जनुकं शोधत होते. मला न्यायला आलेले बाबा स्क्रीनपुढे थबकले. “वरचा घोडीचा, खालचा माणसाचा,” मी म्हणाले. “रंगवलेली अक्षरं दोन्हींत तीच.” “म्हणजे मीच तो घरी आणला.” “नाही हो बाबा! हे दोन विषाणू चुलत भाऊ. पूर्वजांकडून आलेली काही जनुकं सारखी राहिली. घोडीचा माणसाला लागत नाही.”  आईच्या शेवटच्या दिवसांत बाबा दाराबाहेरच थांबायचे. ती हाक मारायची, तरी आत यायचे नाहीत; “माझ्या अंगावर तबेला आहे,” म्हणायचे. “मग मी तिचा हात धरला असता तरी चाललं असतं?” “हो” म्हणायला मला फार वेळ लागला.